तळ्यातला शिकारी : पाईक, बास आणि तळेमालकाचा संयम

१/
६ फेब्रुवारी १८८८. बर्लिनच्या राइखस्टागमध्ये जर्मन चॅन्सेलर ऑटो फॉन बिस्मार्क सैन्यविषयक विधेयकावर बोलत होता. जर्मनीच्या एका अंगाला फ्रान्स, दुसऱ्या अंगाला रशिया. या दोन शेजाऱ्यांविषयी बोलताना त्याने तळ्याची उपमा वापरली. युरोप हे कार्प माशांचे तळे असून त्यातील पाईक मासे जर्मनांना सुस्त कार्प होऊ देत नाहीत, असा त्याच्या म्हणण्याचा आशय होता.

२/
ही उपमा बिस्मार्कने घडवलेली नव्हती. ‘कार्पच्या तळ्यातला पाईक’ हा जर्मन भाषेतील रूढ वाक्प्रचार आहे आणि तो थेट तळेशेतीतून आला आहे. (पाईक हे येथे लांब तोंडाच्या, तीक्ष्ण दातांच्या एका शिकारी माशाचे नाव आहे, मराठीतील सेवकवाचक ‘पाईक’ शब्दाशी त्याचा संबंध नाही.) मध्य युरोपातील जमीनदार आपल्या खाजगी तळ्यांत कार्प वाढवत आणि त्याच तळ्यांत थोडे पाईक हेतुपुरस्सर सोडत. ज्या माशांवर उत्पन्न अवलंबून, त्यांच्या सोबतीला मासे खाणारा मासा का सोडायचा? या एका प्रश्नाभोवती कित्येक शतकांचा इतिहास गुंफलेला आहे.

३/
त्याची सुरुवात बोहेमियात, म्हणजे आजच्या चेक प्रजासत्ताकात करणे सोयीचे आहे. कॅथलिक धर्माचारानुसार उपवासाच्या दिवशी मांस वर्ज्य असे, मासे मात्र चालत. वर्षभरात असे दिवस पुष्कळ आणि समुद्र तर फार दूर. त्यामुळे ताज्या माशांना खात्रीची बाजारपेठ होती. तेथील सरदार घराण्यांनी दलदलीच्या, शेतीला निरुपयोगी अशा जमिनीवर मातीचे बांध घातले आणि तळी उभी केली. दक्षिण बोहेमियातील त्रेबोन परिसरात रोझम्बेर्क घराण्याने उभारलेली तळी यांत सर्वाधिक नावाजली.

४/
या कामामागे मोठी स्थापत्यबुद्धी होती. सोळाव्या शतकाच्या आरंभी श्टेपानेक नेतोलित्स्की याने ‘सोनेरी कालवा’ खोदवून अनेक तळ्यांना पाणी पुरवण्याची व्यवस्था लावली. हा कालवा सुमारे ४८ किलोमीटर लांब आहे. पुढे याकुब कर्चीन याने १५८४ ते १५९० या काळात रोझम्बेर्क नावाचे प्रचंड तळे बांधले. त्याचा बांध दोन किलोमीटरहून लांब आहे आणि सव्वाचारशे वर्षांनंतर आजही त्यात मासे वाढवले जातात.

५/
तळेशेतीचे शास्त्र लिहून ठेवण्याचे कामही याच भूमीत झाले. ओलोमोउत्सचा बिशप यान दुब्राविउस याने माशांच्या तळ्यांवर लिहिलेला लॅटिन ग्रंथ १५४७ मध्ये प्रसिद्ध झाला आणि १५९९ मध्ये त्याचे इंग्रजी रूपांतर निघाले. पाईकच्या डोक्यावर उडी मारून बसलेल्या बेडकाची त्याची गोष्ट पुढे आयझॅक वॉल्टनने आपल्या मासेमारीवरील प्रसिद्ध पुस्तकात पुन्हा सांगितली. एका धर्मगुरूने तळ्यांवर स्वतंत्र ग्रंथ लिहावा, यावरून त्या काळी तळ्यांना किती आर्थिक महत्त्व होते हे कळते.

६/
आता मूळ अडचण पाहू. तळे ओढ्याच्या किंवा कालव्याच्या पाण्यावर भरते. त्या पाण्याबरोबर नदीतील लहान जंगली मासे आत शिरतात आणि तळ्यातच प्रजनन करू लागतात. उन्हाळा उबदार असेल तर तळ्यातील कार्पही अकाली पिल्ले घालतात. हे सारे मासे तळ्यातील सूक्ष्म जीव, किडे आणि अळ्या यांवरच जगतात. त्यामुळे पाळलेल्या कार्पच्या ताटात हजारो वाटेकरी बसतात. शरद ऋतूत तळे रिकामे केले की टोपल्या भरतात, पण बाजारात ज्याला किंमत नाही अशा बोटभर माशांनी.

७/
जाळ्याने हे मासे वेचून काढणे अशक्यप्राय होते. पाईक हे काम बिनमजुरीने करत असे. तो पाणवनस्पतींत निश्चल दबा धरतो, क्षणात झेप घेतो आणि सावज अख्खे गिळतो. अख्खे गिळतो म्हणूनच त्याच्या सामर्थ्याला एक ठरलेली मर्यादा आहे : जे त्याच्या जबड्यात मावेल, तेच त्याचे अन्न. तळेमालकांनी हीच मर्यादा हेरली. पाईक लहान आणि कार्प मोठा असेल, तर पाईकला कार्प गिळता येत नाही. त्याच्या वाट्याला फक्त नको असलेली पिल्लावळ उरते.

८/
म्हणून तळ्यांचे वयानुसार गट पाडले जात. एका तळ्यात कार्पची अंडी उबवायची, दुसऱ्यात पिल्ले वाढवायची आणि तिसऱ्या, मुख्य तळ्यात ती विक्रीयोग्य करायची. पहिल्या दोन तळ्यांत पाईक शिरला तर सर्वनाश ठरलेला. पाईक वसंताच्या आरंभी, पाणी थंड असतानाच अंडी घालतो, तर कार्पला उबदार पाणी लागते. त्यामुळे कार्पची पिल्ले जन्मतात तेव्हा पाईकची पिल्ले त्यांना गिळण्याएवढी झालेली असतात. मुख्य तळ्यात मात्र तोच पाईक उपकारक ठरे.

९/
या पद्धतीचे खरे बलस्थान आणखी एका गोष्टीत होते. ही तळी मोरी उघडून पूर्ण रिकामी करता येत. हंगाम संपला की पाणी सोडायचे, सगळे मासे गोळा करायचे, कार्पबरोबर पाईकही विकायचे आणि हिशेब मिटवून नव्याने सुरुवात करायची. शिकारी मासा वाढून डोईजड होण्यापूर्वीच बाहेर निघत असे. याचा अर्थ, तळ्यावर सत्ता पाईकची नव्हती. ती मोरी उघडणाऱ्या हाताची होती.

१०/
हे ज्ञान शतकानुशतके अनुभवाच्या रूपात राहिले. एकोणिसाव्या शतकात त्रेबोनची तळी श्वार्झेनबेर्क घराण्याकडे होती. तेथील व्यवस्थापक योसेफ शुस्ता याने कार्पच्या अन्ननलिकेतील अन्न तपासून तो नेमके काय खातो याचा अभ्यास केला आणि १८८४ मध्ये त्यावर ग्रंथ लिहिला. कार्पची वाढ मुख्यतः तळ्यातील बारीक जीवसृष्टीवर होते, हे त्यातून स्पष्ट झाले. नको असलेला मासा मालकाचे नेमके काय हिरावून नेतो, हे त्यामुळे अधिक नेमकेपणाने सांगता येऊ लागले.

११/
पण तळे दरवर्षी रिकामे करणे शक्य नसेल तर? हा प्रश्न विसाव्या शतकात अटलांटिकच्या पलीकडे, अमेरिकेतील अलाबामा राज्यात उभा राहिला. कापसाच्या सततच्या लागवडीने तेथील जमिनी धुपून गेल्या होत्या आणि १९३० च्या दशकातील महामंदीने शेतकरी खचला होता. शेतात लहान बांध घालून पाणी अडवावे, त्यात मासे वाढवावेत आणि कुटुंबाच्या ताटात प्रथिने यावीत, ही कल्पना आकर्षक होती. प्रत्यक्षात मात्र या शेततळ्यांतून बहुधा हाताच्या तळव्याएवढेच मासे निघत.

१२/
हा मासा म्हणजे ब्लूगिल. चवीला चांगला, वाढवायला सोपा, पण पिल्लावळ अमर्याद. मादी एका वेळी हजारो अंडी घालते आणि उन्हाळ्यात पुन्हा पुन्हा घालते. तळे ब्लूगिलने भरून जाई. त्यावर त्या काळी सर्वमान्य उपाय एकच होता : मासे मिळत नाहीत ना? मग सरकारी बीजकेंद्रातून आणखी मासे आणून सोडा. म्हणजे आधीच दाटीने भरलेल्या घरात आणखी पाहुणे बोलावण्याचा हा प्रकार होता.

१३/
ऑबर्न येथील कृषी संशोधन केंद्रात होमर स्विंगल नावाचा संशोधक होता. शिक्षणाने तो कीटकशास्त्रज्ञ. ई. व्ही. स्मिथ या सहकाऱ्याबरोबर त्याने १९३० च्या दशकात तळ्यांवर प्रयोग सुरू केले. पद्धत सरळ पण कष्टाची होती : तळ्यात मोजून मासे सोडायचे, ठरावीक काळाने तळे पूर्ण रिकामे करायचे आणि प्रत्येक मासा मोजून त्याचे वजन करायचे. बोहेमियाच्या तळेमालकांनी विक्रीसाठी जे केले, तेच येथे आकडेवारीसाठी करण्यात आले.

१४/
या प्रयोगांतून एक मूलभूत गोष्ट सिद्ध झाली. विशिष्ट सुपीकतेचे तळे माशांचे विशिष्ट एकूण वजनच पोसू शकते. ते वजन थोड्या मोठ्या माशांत वाटले जाईल की हजारो खुरट्या माशांत, एवढाच प्रश्न उरतो. खत घालून तळ्याची क्षमता वाढवता येते, पण जास्त मासे सोडून ती वाढत नाही. दाटी झालेल्या तळ्यातील चार इंचांचा ब्लूगिल हे पिल्लू असेलच असे नाही. तो वाढ खुंटलेला प्रौढही असू शकतो.

१५/
दाटी कमी करायची तर कोणीतरी ब्लूगिलची पिल्ले सातत्याने खायला हवीत. त्यासाठी निवडला गेला लार्जमाउथ बास : रुंद जबड्याचा, त्याच प्रदेशातील शिकारी मासा. ऑबर्नच्या शिफारशीत खत दिलेल्या तळ्यासाठी एकरी १,५०० ब्लूगिल आणि १०० बास हे प्रमाण प्रसिद्ध झाले. क्रमही ठरलेला होता. ब्लूगिलची बोटुकली शरद ऋतूत किंवा हिवाळ्यात सोडायची, बासची पिल्ले पुढच्या वसंतात. उन्हाळ्यात ब्लूगिलची पहिली वीण येते, तेव्हा बास तिला खाण्याएवढे मोठे झालेले असत.

१६/
१९५० मध्ये स्विंगलने समतोल आणि असमतोल तळ्यांवरील आपला महत्त्वाचा प्रबंध प्रसिद्ध केला. त्यात ८९ तळ्यांतील माशांचा हिशेब होता. ५५ तळी समतोल, ३४ असमतोल. त्याने काही सोपी गुणोत्तरे मांडली. एक म्हणजे भक्ष्य माशांचे एकूण वजन भागिले शिकारी माशांचे एकूण वजन. हे उत्तर ३ ते ६ च्या दरम्यान असेल तर तळे उत्तम स्थितीत आहे. दुसरे म्हणजे एकूण वजनापैकी पकडण्याजोग्या आकाराच्या माशांचा टक्का. ‘समतोल’ हा आजवरचा अंदाजाचा शब्द येथे मोजण्याची वस्तू झाला.

१७/
शेतकऱ्याला मात्र तळे रिकामे करून वजने घेणे परवडणारे नव्हते. त्याच्यासाठी स्विंगलने लहान जाळ्याची परीक्षा सांगितली. उन्हाळ्याच्या सुरुवातीला काठाजवळ जाळे ओढायचे आणि काय येते ते पाहायचे. ब्लूगिलची नुकती जन्मलेली भरपूर पिल्ले, मधल्या आकाराचे थोडे मासे आणि सोबत बासची काही पिल्ले आली, तर समतोल टिकून आहे. मधल्या आकाराच्या ब्लूगिलने जाळे भरले आणि बासचे एकही पिल्लू दिसले नाही, तर तळे बिघडले आहे.

१८/
या दुसऱ्या लक्षणामागची यंत्रणा विलक्षण आहे. ब्लूगिलची दाटी झाली की भुकेले ब्लूगिल बासच्या घरट्यांवर तुटून पडतात आणि अंडी फस्त करतात. म्हणजे भक्ष्यच भक्षकाचा वंश खुंटवते. बासची नवी पिढी येत नाही, जुने बास एकेक करून संपतात आणि ब्लूगिलवरील उरलासुरला अंकुशही नाहीसा होतो. अशा तळ्यात मूठभर नवे बास सोडून फारसा उपयोग होत नाही. आधी पाण्याची पातळी उतरवून, जाळी लावून किंवा काठाच्या पट्ट्यात विष वापरून दाटी कमी करावी लागते. तळे अगदीच हाताबाहेर गेले असेल तर ते रिकामे करून नव्याने सुरुवात करावी लागते.

१९/
मग तळी बिघडवत कोण होते? बहुतेक वेळा मालक स्वतः. पहिल्याच वर्षी मोठा, झुंजार बास गळाला लागला की तो घरी नेण्याचा मोह आवरत नसे. चिमुकल्या ब्लूगिलकडे मात्र कोणी पाहत नसे. शिकारी मासा उचलला जाई आणि ज्याचा उपद्रव, तो मासा मागे राही. ब्लूगिल मनसोक्त धरा, बासला हात आखडता घ्या, हा या साऱ्या संशोधनाचा व्यवहारातील अर्थ होता. उलट टोकही शक्य होते. बास फार झाले की ते स्वतःच उपाशी आणि किडकिडीत राहतात. उरलेले थोडे ब्लूगिल मात्र दांडगे होतात.

२०/
भारतातील परंपरा याच्या अगदी उलट दिसते. रोहू, कटला, मृगळ यांचे बीज तळ्यात सोडण्यापूर्वी मरळीसारखे शिकारी मासे काढून टाकतात. त्यासाठी मोहाची पेंड वापरण्याची पद्धत रूढ आहे. एक मीटर खोल पाण्याला हेक्टरी सुमारे २,५०० किलो. तिच्यातील सॅपोनिनमुळे मासे मरतात आणि काही आठवड्यांनी विषारी परिणाम ओसरून तीच पेंड खत होते. युरोप-अमेरिकेत जो मासा सोडायचा, तो येथे काढायचा, असे का?

२१/
कारण आपले प्रमुख कार्प साध्या तळ्याच्या साचलेल्या पाण्यात अंडी घालत नाहीत. त्यांना पावसाळ्यातील नदीचा प्रवाह लागतो. म्हणूनच बीज नदीतून गोळा करावे लागे. १९५७ मध्ये हिरालाल चौधुरी यांनी संप्रेरकाच्या इंजेक्शनने या माशांचे प्रजनन घडवून आणले, तेव्हा कुठे हे परावलंबन सुटू लागले. जो मासा तळ्यात पिल्लेच घालत नाही, त्याची दाटी होत नाही. जेवढे सोडाल त्याहून ते वाढणार नाहीत. मग शिकारी मासा फक्त नुकसानच करणार.

२२/
हे चित्र १९५२ मध्ये बदलले. त्या वर्षी मोझांबिक तिलापिया हा आफ्रिकी मासा भारतात आणला गेला. मादी अंडी आणि पिल्ले तोंडात सांभाळते, त्यामुळे पिल्ले मोठ्या संख्येने जगतात. आणि मासा काही महिन्यांचा होताच प्रजननक्षम होतो. परिणाम ब्लूगिलसारखाच : तळे भरलेले, मासे खुरटलेले. महाराष्ट्रात उजनीच्या पाणलोटावर मासेमारी करणारे ज्याला चिलापी म्हणतात, ती याच कुळातली. अलाबामाचा प्रश्न येथे वेगळ्या माशाच्या रूपाने आला आणि ज्या मरळीला तळ्यातून हाकलले जाई, तिच्यासारख्या शिकारी माशांचा विचार चिलापीवरील अंकुश म्हणून होऊ लागला.

२३/
शिकारी मासा चुकीच्या पाण्यात गेला तर काय होते, याचा धडा पुन्हा पाईकनेच दिला. कॅलिफोर्नियातील लेक डेव्हिस या जलाशयात १९९४ मध्ये पाईक आढळला. तो तेथील मूळ मासा नव्हे. कोणीतरी बेकायदा सोडलेला. तो खालच्या नद्यांत उतरला तर तेथील सामन माशांचा घास घेईल, या भीतीने सरकारने १९९७ मध्ये अख्ख्या जलाशयात विष टाकले. जवळच्या पोर्टोला गावाचे पिण्याचे पाणी तेथूनच येत असल्याने मोठा जनक्षोभ उसळला. दोन वर्षांत पाईक पुन्हा दिसला आणि २००७ मध्ये तीच मोहीम दुसऱ्यांदा करावी लागली.

२४/
त्रेबोनमध्ये जो पाईक तळेमालकाचा मदतनीस होता, तोच लेक डेव्हिसमध्ये संकट ठरला. मासा एकच, फरक तळ्याचा आणि व्यवस्थेचा. त्रेबोनचा पाईक त्याच प्रदेशातला होता, मोजून सोडलेला होता, कार्पपेक्षा लहान होता आणि हंगामअखेरीस मोरी उघडताच बाहेर निघत होता. यांतील एकही अट लेक डेव्हिसमध्ये पाळली गेली नव्हती.

२५/
तळे खाजगी असते, पण त्याचे पाणी पावसाळ्यात सांडव्यावरून ओढ्याला आणि ओढ्यातून नदीला मिळते. म्हणून शिकारी मासा सोडण्यापूर्वी विचारायचे प्रश्न आजही तेच आहेत : हा मासा याच नदीखोऱ्यातला आहे का? त्याच्या जबड्यात काय मावते? तो किती आणि केव्हा सोडायचा? आणि तो मोठा झाल्यावर गळाला लागला, तर पुन्हा पाण्यात सोडण्याइतका संयम मालकाजवळ आहे का? पहिल्या तीन प्रश्नांची उत्तरे बोहेमियाच्या अनुभवाने आणि ऑबर्नच्या तराजूने दिली आहेत. चौथ्याचे उत्तर प्रत्येक तळेमालकाला दर हंगामात स्वतःच द्यावे लागते.